वापसीच्या बोलीवर

“मिल बांधायला पैसा कुठून आला होता?” प्रेमिला मॅडमनी विचारलं, आणि टेकचंदजींचा कप बशीवर जरा जोरातच टेकला.

बाई नागपूरच्या. वकील. तांदळाच्या मिलमध्ये येऊन अजून पंखाही नीट लागला नव्हता, आणि विचारणं थेट तिजोरीचं! टेकचंदजींनी दुर्पताबाईंकडे पाहिलं. दुर्पताबाई खिडकीशी बसून पदरानं वारा घेत होत्या. नवऱ्याचा तो संशयी चेहरा त्यांच्या ओळखीचा होता. दूधवाल्यापासून देवळाच्या पुजाऱ्यापर्यंत सगळ्यांकडे ते याच चेहऱ्यानं बघत.

“कायले पायजे ते?” टेकचंदजींनी विचारलं.

“मला नको, तिकडच्या सरकारला पाहिजे. अमेरिकेत जो पैसा लावायचा, तो सचोटीनं कमावलेला आहे हे मुळापासून दाखवावं लागतं. तुम्ही आचलला देणार, म्हणजे तुमच्याकडे तो कसा आला तेही दाखवायचं.”

“धानातून आला. गोंदियात अजून कशातून येते?”

मॅडम हसल्या नाहीत. टेकचंदजींनी मनात नोंद घेतली. बाईनं चहा घेतला नाही, हसतही नाही.

गोष्ट अशी होती की टेकचंदजी पटल्यांची एकुलती एक लेक, आचल, नवऱ्याबरोबर बरीच वर्षं अमेरिकेत होती. नोकरी होती तोवर राहता येत होतं. पण तिच्या कंपनीत माणसं काढणं सुरू झालं होतं, जावई नीलेशची नोकरी आधीच गेली होती. आचलचीही गेली की साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर बोचकं बांधायचं. नात सोनू तिथंच शाळेत जायची, तिथलंच बोलायची. मग कुणीतरी आचलला सांगितलं की पैसा गुंतवून कायमचं राहायची एक वाट आहे. रक्कम मोठी होती. पण मिल होती, बिरसीला विमानतळाकडच्या रस्त्यावर धानशेतीच्या बांध्या होत्या, आणि तिथल्या जमिनीचे भाव आता धानाकडे बघून कुणी ठरवत नव्हतं.

“पोरीच्या नावानं तिकडं घर घेऊन देतो,” टेकचंदजी म्हणाले. “मोठं. झालं ना काम?”

“राहायचं घर चालत नाही.”

“जमीन?”

“घेऊन नुसती ठेवली तर तीही नाही.”

“मंग बँकेत टाकतो. त्याइच्याच बँकेत. वापरू दे त्याइले.”

“बँकेतली ठेवही नाही, काका. धंद्यातच घालावा लागतो. आणि त्या धंद्यातून तिथल्या दहा माणसांना कायमचं काम मिळालं पाहिजे.”

बाहेर मिस्त्री बकाराम यंत्राचा पट्टा चढवत होता. दोन हमाल कोंड्याच्या ढिगाला टेकून बिडी पीत होते. टेकचंदजी त्यांच्याकडे बघत राहिले.

“म्हणजे इथच्याइले घरी बसवाचं अन तिथच्या दहाइले काम द्याचं?”

“मिल विकायची की नाही हे तुम्ही ठरवायचं,” मॅडम म्हणाल्या. आवाज मात्र जरा उतरला होता.

“बरं. धंद्यात घातला. मंग पाच वर्षांनी वापस येते ना पैसा?”

“येऊ शकतो. बुडूही शकतो.”

“तुमी लिहून द्यान ना, का वापस येते म्हणून?”

“मी नाही देणार, आणि दुसऱ्या कुणाकडूनही घेऊ नका.” प्रेमिला मॅडम पुढं झुकल्या. “हे नीट ऐका, काका. पैसा नक्की परत करू असा करार असला, तर ती गुंतवणूक धरतच नाहीत. ते म्हणतात, हा तर उसना दिलेला पैसा झाला. बुडायची भीती असली, तरच तो लावलेला पैसा. हमी घेतली की अर्ज गेला.”

टेकचंदजी खुर्चीत मागं रेलले. आतापर्यंत नुसता वास येत होता, आता चोर सापडला होता.

मॅडम गेल्यावर ते बायकोला म्हणाले, “आयकलं का वो? पैसा द्या, अन डुबला त आमाले पुसू नोका. वरून म्हन्ते, गॅरंटी मांगू बी नोका! अशी हुशार चोरटी मी जिंदगीत नाही पायली.”

“मले त सीधी वाटली,” दुर्पताबाई म्हणाल्या.

“चोर सीधेच वाटतेत. वाकडे वाटले त त्याइचा धंदा कसा चालंल?”

टेकचंदजींचा संशय तिरोडा रोडवर प्रसिद्ध होता. त्यांच्या हातात कायम परखी असायची. पोकळ, टोकदार सळई. पोत्यात खुपसली की आतल्या पोटातलं धान तिच्या पन्हळीतून तळहातावर येतं. दुसरे व्यापारी पाच-दहा पोत्यांतून एखादं टोचत. टेकचंदजी प्रत्येक पोतं टोचत, आणि सख्ख्या भावाचं असलं तर दोनदा. गॅसचं सिलिंडर मिलच्या काट्यावर चढल्याशिवाय घरात येत नसे. आचलचं स्थळ आलं तेव्हा तर ते धानाचे व्यापारी म्हणून गुपचूप अर्जुनी मोरगावला गेले, पोराची माहिती काढायला म्हणून न्हाव्याकडे दाढीला बसले, आणि एकाच्या सांगण्यावर विश्वास कसा ठेवायचा म्हणून तासाभरानं दुसऱ्या न्हाव्याकडे बसले. तो बिचारा वस्तरा हातात घेऊन म्हणाला, “दाढी त नाहीच जी, काढू काय?”

गावानं ही गोष्ट वर्षभर चघळली. आचलला मात्र तिचा अभिमान होता. मैत्रिणी विचारत, एकदाच भेटलीस आणि हो म्हणालीस? ती म्हणायची, “बाबूजीनं पायलं म्हणजे पायलं. मी अजून काय पाहू?” आणि नीलेश निघालाही सोन्यासारखा.

या संशयाला एकच उतारा होता, तो म्हणजे वापसीची बोली. धान विकणारा छाती ठोकून म्हणाला, “ओलं निघालं त वापस आणा, शेटजी,” की टेकचंदजी परखी खाली ठेवत. आणि कुणी म्हणाला, “आतचं काही सांगता येत नाही जी,” की ते त्याला बैलबंडीसकट परत पाठवत. बाजारात आयुष्य काढलेल्या माणसाचा हा नियम होता आणि बाजारात तो कधी खोटा पडला नव्हता. प्रेमिला मॅडमना त्यांनी त्याच मापानं मोजलं. आतलं काही सांगता येत नाही म्हणणारी बाई! तिला मिलच्या फाटकातून परत पाठवलं यात त्यांना काही चुकल्यासारखं वाटलं नाही.

फोनवर आचलला त्यांनी एवढंच सांगितलं, “ते बाई बराबर नाही. मी दुसरा पाहून राहिलो.”

दुसरा घरचाच निघाला. प्रफुल, दुर्पताबाईंच्या बहिणीचा मुलगा, तिरोड्याचा. गोंदियात त्याचं ऑफिस होतं. मुलांना परदेशी शिकायला पाठवता पाठवता तो आता पैसेवाल्यांना पाठवू लागला होता. अमेरिकेत कुठल्याशा खेड्याकडं आपलाच एक माणूस हॉटेल बांधत होता आणि त्याला भागीदार हवे होते.

प्रफुल घरी आला, पाया पडला, दोन कप चहा प्याला, पोहे मागून घेतले. टेकचंदजी त्याच्याकडेही त्याच संशयी चेहऱ्यानं बघत होते.

“डुबले त?” त्यांनी विचारलं.

“डुबतेत कसे, मावसाजी? टेन्शन मत लो. पाच वर्षांनी रुपयाला रुपया वापस. हॉटेलवाले साहेब जबान देते.”

“जबानीले हाड नसते.”

“मी आहो ना बीचमें.”

“तू आहे म्हणूनच इचारून राहिलो. लिहून दे.”

प्रफुलनं पोह्याची बशी खाली ठेवली. “मावसाजी, तेवढं तोंडी राहू द्या. साहेब म्हणे, लिहिलं का तिकडं अडचण होते. बहुत झालं त एक अलग कागद देतो, आपल्या आपल्यात.”

“अलग कागद?” टेकचंदजी तोंडभर हसले. अलग कागदाचे प्रताप त्यांनी धानाच्या बाजारात पुष्कळ पाहिले होते. “अलग कागद चुलीत जाते, पोरा. मेन करारात घाल. पैसा वापस, रुपयाला रुपया, नीचे साहेबाची सही. नाही त जा.”

“त्या मॅडमनं काय सांगतलं होतं, याद आहे ना?” दुर्पताबाई आतून म्हणाल्या.

“तिनं सांगतलं म्हणूनच.”

महिनाभर प्रफुलनं खेटे घातले. मावसाजी हटले नाहीत. शेवटी हॉटेलवाल्या साहेबालाही पैशाची घाई असावी. एके दिवशी प्रफुल करार घेऊन आला. टेकचंदजींना इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी तो गोंदियात तिघांकडून वाचून घेतला, तिघांनाही एकमेकांचा पत्ता लागू न देता. तिघांनीही सांगितलं, परत करण्याचं कलम आहे, पक्कं आहे. त्या दिवशी टेकचंदजी घरी येताना पेढे घेऊन आले.

बिरसीच्या बांध्या गेल्या. मग मिल गेली. घेणाऱ्याला यंत्रांशी कर्तव्य नव्हतं, त्याला लग्नाचं लॉन करायचं होतं. यंत्रं भंगारात निघाली त्या दिवशी बकाराम मिस्त्री आपला पाना फडक्यात गुंडाळून उभा होता.

“पोरीसाठी करून राहिले, शेटजी,” तो म्हणाला. “चांगलंच आहे. माह्यं पाहून घेईन मी.”

टेकचंदजींनी परखी तेवढी घरी आणली आणि कोपऱ्यात उभी केली. टोचायला आता पोतंच नव्हतं.

आचलनं तिकडं सही केली. रात्री उशिरापर्यंत ती ऑफिसचं काम करायची, नोकरी टिकवण्याच्या धडपडीत. फोनवर टेकचंदजींनी विचारलं, “वाचलं ना नीट?”

“तुमी पायलं ना, बाबूजी?”

“हो. तिघाइकडून.”

“मंग झालं,” ती म्हणाली, आणि हसली. ते हसू कितीतरी दिवस टेकचंदजींच्या कानात राहिलं.

पुढचं वर्ष वाट बघण्यात गेलं. मधेच आचलची नोकरी सुटली. हातापाया पडून तिनं दुसरी मिळवली, कमी पगाराची, घरापासून लांबची. दुसरा पावसाळा सरला आणि एका पहाटे तिचा फोन आला.

अर्ज नाकारला होता.

पैसा कुठून आला याबद्दल तक्रार नव्हती. हॉटेलही खरं होतं, तिथं माणसं कामाला लागली होती. नाकारण्याचं कारण ते एक कलम होतं. पैसा परत करण्याचं वचन दिलेलं आहे, सबब तो गुंतवलेला धरता येत नाही.

महिन्याभरात ती नोकरीही गेली. या वेळी साठ दिवसांत काही मिळालं नाही.

आणि पैसा? पैसा आला. हॉटेलवाल्यानं पाच वर्षं न थांबता रुपयाला रुपया परत केला, आणि आचलनं तो बाबूजींकडे पाठवून दिला. प्रफुलनं त्यासाठी तिकडं दिवसरात्र फोन केले, आणि काम झाल्यावर येऊन मावसाजींच्या पायाशी बसून रडला. “मी जबान देली होती ना, मावसाजी,” तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. आयुष्यभर टेकचंदजी दगाबाज माणसाची वाट बघत बसले होते. इथं कुणी दगा दिलाच नव्हता. वापसीची बोली तंतोतंत पाळली गेली होती. त्यांना वाटलं, याच्यापेक्षा पैसा बुडाला असता तर बरं झालं असतं. निदान कुणाला तरी शिव्या देता आल्या असत्या.

दिवाळीनंतर, गावोगावी मंडईच्या जत्रा भरायच्या दिवसांत, आचल नवऱ्याला आणि लेकीला घेऊन घरी आली. नीलेशला हैदराबादला नोकरी मिळाली होती. तिथं घर लागेपर्यंत पंधरवडाभर मुक्काम होता. दुर्पताबाईंनी घर डोक्यावर घेतलं. सोनू मात्र रोज सकाळी उठून आपण परत कधी जायचं ते विचारायची, इंग्रजीत, आणि उत्तर नको असल्यासारखी लगेच दुसरीकडे बघायची.

एका संध्याकाळी आचल आणि टेकचंदजी फिरत फिरत मिलच्या जागेपर्यंत गेले. फाटकावर दिव्यांची कमान होती. आत हिरवं गवत लावलेलं होतं आणि निळ्या गणवेशात बकाराम मिस्त्री खुर्च्या मोजून घेत होता. त्यानं आचलला ओळखलं, लांबूनच हात जोडले. जवळ आला नाही.

परतताना आचल म्हणाली, “बाबूजी, तिकडून निघायच्या आधी मी त्या प्रेमिला मॅडमशी बोलली.”

टेकचंदजी चालत राहिले.

“त्या म्हणाल्या, त्यांनी तुमाले साफ सांगतलं होतं. हमी घेतली का अर्ज जाते म्हणून. सांगतलं होतं का?”

“सांगतलं होतं.”

“मंग मले काऊन नाही सांगतलं?”

“मले वाटलं, चोर आहे ते.”

“एवढंच?”

एक ट्रक धूळ उडवत गेला. धूळ बसेपर्यंत दोघंही थांबले. मग आचलनं विचारलं. आवाजात राग नव्हता, तेच टेकचंदजींना जड गेलं.

“खरं सांगा, बाबूजी. मी वापस यावी असं वाटत होतं का तुमाले?”

“वाटत होतं,” टेकचंदजी म्हणाले. “कोणत्या बापाले नाही वाटत? पण म्हणून नाही केलं मी.”

आचल त्यांच्याकडे बघत राहिली. डोळे बारीक, मान किंचित कलती. ती नजर टेकचंदजींना अनोळखी नव्हती. शेतकरी शपथ घेऊन सांगायचा, शेटजी, धान कोरडं आहे, तेव्हा ते स्वतः त्याच्याकडे असेच बघायचे. तेव्हा हातात परखी असायची. खुपसली की खरं-खोटं तळहातावर यायचं. आता लेकीच्या हातात तसं काही नव्हतं, आणि असतं तरी आतून काय निघालं असतं हे खुद्द टेकचंदजींना सांगता येत नव्हतं. त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या ते हेच टोचून बघत होते. बाई चोर वाटली, हे खरं होतं. पण करारात कलम पडल्यावर पेढे आणले, ते नुसते पैशासाठीच होते का? मनाच्या एखाद्या कोपऱ्यात, पोरगी गेली तरी परत येण्याची सोय राहिली, असं काही होतं का? प्रामाणिकपणे त्यांना कळेना. मनुष्य जगावर संशय घेऊन सुखानं जगू शकतो. स्वतःवर घ्यायची त्यांना सवय नव्हती.

दुर्पताबाईंनी अंधारातच विचारलं, “झोपले नाही का जी?”

“तुले काय वाटते? मी मुद्दाम केलं का?”

दुर्पताबाई कुशीवर वळल्या. “मले नाही मालूम,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी नवऱ्याच्या हातावर हात ठेवला.

जायच्या दिवशी बिरसीच्या विमानतळाला जायला गाडी दारात उभी होती. नीलेश सामान चढवत होता. दुर्पताबाई सोनूच्या पिशवीत चिवड्याचा डबा कोंबत होत्या. टेकचंदजी ओसरीवर आले. हातात बँकेचा कागद होता.

“मिलचे अन बांध्याइचे, सगळे पैसे तुह्या नावानं टाकतो,” ते म्हणाले. “तुही सही पायजे. इथं, नीचे. मी पायलं सारं, बँकेवाल्याइले दोनदा इचारलं.”

आचलनं कागद घेतला. टेकचंदजींनी खिशातलं पेन काढून टोपण उघडून पुढं धरलं.

तिनं पेन घेतलं नाही. ती ओसरीच्या पायरीवर बसली, कागद मांडीवर सरळ केला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. सावकाश, एका ओळीवर बोट ठेवून मग दुसऱ्या ओळीवर. गाडीवाल्यानं भोंगा दिला. नीलेशनं हाक मारली. तिनं वर पाहिलं नाही. पान उलटलं, मागची बारीक अक्षरं वाचली, परत पुढं येऊन आकडे पाहिले.

टेकचंदजी शेजारी उभे होते, उघडं पेन हातात धरून.